पान एक-दोन

सिंदेवाहीच्या पलीकडे, एसटी जिथून वळून परत फिरते,
त्या आश्रमशाळेत मी दर उन्हाळ्याच्या तोंडाशी जातो.
दाभण, सुताची गुंडी, डब्यात खळ,
आणि पाठ मोडलेल्या पुस्तकांसाठी निळं कापड.

शिवता शिवता वाचतो. खोडच आहे.

जुन्या पुस्तकांतलं पोरकं पोर
बहुधा एखाद्या पायरीवर सापडतं, रेशमात गुंडाळलेलं,
गळ्यात अर्धा ताईत.
उरलेला अर्धा शेवटच्या प्रकरणात
कुणा श्रीमंत म्हाताऱ्याच्या पेटीत.
मधली तीनशे पानं ते उपाशी राहतं,
पण बोलतं मात्र घरंदाज.

नव्या पुस्तकांत ताईत नसतो.
फाईल असते, फाईलला नंबर,
एक बाई समोर बसून विचारते, तुला काय वाटतं?
आणि पोर दीड पान खिडकीबाहेर बघतं.
शेवटी कुणीच सापडत नाही.
लेखक म्हणतो, त्याला तो स्वतः सापडला.
बरं.

आईबाप दोन्हींत पहिल्याच पानावर जातात.
जावंच लागतं त्यांना. ते असते तर
एवढ्या रात्री, त्या भुयारात,
कोण सोडणार होतं पोराला?
'टोपडं घाल आधी' इथेच गोष्ट संपली असती.

बापाला मी पाहिलेलं नाही.
आई मोह वेचायला गेली होती, पहाटेची.
टोपलं मिळालं, अर्धं भरलेलं.
वाघाचा चेक काकाच्या नावे आला.
जुन्या पुस्तकात इथे काकाने मिशीवर हात फिरवला असता.
खऱ्या काकाने त्यात बैलजोडी घेतली,
तिच्यावर धान केलं, ते मी खाल्लं,
कधी पोटभर, कधी काकूकडे न बघता.
अशा काकासाठी एखादं प्रकरण
मला अजून कुठल्याच पुस्तकात मिळालेलं नाही.
वाढदिवस गुरुजींनी लावून दिला, एक जून.
वर्गात आम्ही सतरा जण एक जूनचे,
एकाच्याही जन्माला आकाशात काही घडलं नव्हतं.

तर, गेल्या साली एकेचाळीस पुस्तकं आली बांधायला.
नऊंचं पहिलं पान नव्हतं.
वाळवी अशी निवडून खात नाही,
आणि पट्टी लावून तर नाहीच.
नऊही पोरक्यांच्या गोष्टी.

मैना कुळमेथे, पाचवीतली,
खळीचं भांडं धरून बसायची माझ्याजवळ.
मी विचारलं नव्हतं. तीच म्हणाली,
"मी फाडली जी.
पयलं पान नसन तं ते मरत नाई."

तिच्या पत्र्याच्या पेटीत, फ्रॉकखाली,
नऊ पानं होती, एकालाही घडी नाही.

मुख्याध्यापकांना सांगितलं, उंदीर.
मग प्रत्येक पुस्तकाला पुढे एक कोरं पान शिवलं.
गोष्ट आता पान तीनपासून सुरू होते:
पोर रस्त्याने चाललंय,
घरी कोण आहे, कोण नाही, कुणी विचारत नाही.
बिलात ती नऊ पानं धरली नाहीत.

यंदा गेलो तर मैना नव्हती.
मामा घेऊन गेला म्हणे.
नोंदवहीत गावाच्या नावावर शाई सांडलेली.

नऊतलं एक पुस्तक पुन्हा उसवून आलं होतं.
कोऱ्या पानावर, पेन्सिलीने, रेघ चुकवत:

आई म्हनाली कुठी चालला.
भात काढला हाये.
जेवून जा.

आणि समोर, छापील, पान तीन:
पोर रस्त्याने चाललंय.

पेन्सिल टिकत नाही. चार बोटं फिरली की धूसर होते.
मी खळ पाण्यात पातळ केली,
फडक्याच्या टोकाने त्या ओळींवरून फिरवली,
आणि वाळेपर्यंत पुस्तक मांडीवर उघडं धरून बसलो.
बाहेर एसटीने वळण घेतलं, हॉर्न दिला,
थांबली थोडी,
गेली.