तिसरा हात

अकरा वर्षांनी येर्कोचा फोन आला,
तोही जुलैत, सकाळी नऊला, बाहेर मिट्ट काळोख.
"एक हात कमी पडतोय," म्हणाला.
कशाला, ते सांगितलं नाही.
मला वाटलं, पडला असेल. मोडला असेल.

पुंता आरेनासच्या वरच्या गल्लीत त्याची पत्र्याची शेड.
वारा चारही बाजूंनी नखं घासत होता,
आणि आईच्या कणीक मळायच्या टेबलावर
(तेही त्यानंच नेलं होतं, मी विसरलेले नाही)
बाल्साच्या फासळ्यांचं विमान,
नाकाविना.

नाकाच्या जागी प्लायवुडचा चौकोन चिकटवायचा,
त्यावर इंजिन.
"दोन अंश उजवीकडे," म्हणाला. "बरोब्बर दोन."
वाकडं कशाला, मी विचारलं.
"पंखा फिरतो तशी डावीकडे ओढ लागते.
सरळ बसवलं की सरळ जात नाही."
एवढं बोलला आणि गप्प झाला,
महिन्याचा सगळा खर्च एकदम झाल्यासारखा.

शिकंजा टिकत नव्हता,
नाक निमुळतं होतं तिथून घसरत होता.
म्हणून मी.

दोन नळ्यांतलं एपॉक्सी त्यानं डब्याच्या झाकणात कालवलं.
"तीस मिनिटं. हलायचं नाही. शिंकायचंसुद्धा नाही."

तीस मिनिटं म्हणजे किती असतात,
ते भांडलेल्या माणसाच्या कानाजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही.
त्याच्या कानात पांढरे केस आलेत.
अंगठ्याचं नख काळंनिळं.
कोन मोजायला त्यानं काढला तो कोनमापक शाळेतला,
कर्कटकानं कोरलेलं त्यावर माझं नाव,
ओतिलियातलं 'ओ' तेवढं शाबूत.
हेही नेलं होतंस तर.
बोलले नाही. हलायचं नव्हतं.

"जरा वर."
"हं."
"जास्त झालं. खाली. बास."

आईच्या शेवटच्या हिवाळ्यात
मी तिला न्हाऊ घालत होते,
हा छपरावर खिळे ठोकत होता.
दोघांनाही अजून वाटतं
दुसऱ्यानं काहीच केलं नाही.
मग नोटरीची ती खोली, तो हीटर,
सही करताना न चालणारं त्याचं पेन,
आणि मी माझं दिलं नाही, तेही आठवलं.
पर्समध्ये दोन होती.

डिंक धरला. बोटं सोडवली तर सुटेनात,
एक पापुद्रा राहिलाच.
मग चार भोकं, मागून नट ठोकलेले,
एक स्क्रू इकडचा, पुढचा कोपऱ्यातून पलीकडचा,
थोडा थोडा, चुलीवरच्या दुधाकडे बघतात तसं बघत.
इंजिन त्यानं जुन्या लोकरी मोज्यातून काढलं.
मुठीएवढं. जड. तेलकट.
आणि वास!
"एरंडेल," म्हणाला. "इंधनात घालतात."

आईचा तो मोठा चमचा, दर शनिवारी,
नाक दाबून.
दोघांचीही तोंडं एकाच वेळी वाकडी झाली.
मी पाहिलं. त्यानंही पाहिलं.
मग तो उगाच स्क्रूड्रायव्हर शोधायला लागला,
जो त्याच्याच हातात होता.

"उडवणार कधी?"
"वारा पडला की."

वारा पडला की! या गावात!
इथं चौकाचौकात दोर बांधतात
माणसांनी धरून रस्ता ओलांडायला.
इथं वारा पडत नाही, माणसं पडतात.
पण त्यानं ते अशा आवाजात म्हटलं,
की तारीख ठरलेली असावी.

माते प्यायला थांब म्हणाला नाही.
मीही थांबले नसते. बहुतेक.
बसमध्ये अंगठ्यावरचा डिंक सोलत होते,
अर्धा निघाला, अर्धा ठेवला.

दार उघडतेय तोवर फोन.
"पुन्हा मोजलं," म्हणाला. "सव्वादोन भरलं."
माझाच हात हलला असणार,
त्या पेनापाशी कुठेतरी.
"मग? चालेल?"

बराच वेळ त्याच्या बाजूचा वारा ऐकू येत राहिला,
माझ्या बाजूचाही तोच.
"चालवू," म्हणाला.