चार सेकंद

वडसरच्या पुलाखाली अकरा रात्री
अण्णा उकिडवे बसले होते माइक धरून,
विश्वामित्रीच्या त्या वासात,
नाकाला रुमालही नाही.
रुमालाची सळसळ मशीनला ऐकू जाते, म्हणाले.

आज सहावा भाग.
दांडिया बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांत
जोशीपुरासुद्धा आले, शेव-उसळीचा डबा घेऊन.
पडद्यावर नदी आली. आमचीच,
पण धुऊन वाळत घातल्यासारखी.
मगरीण चढली काठावर, माती उकरू लागली,
आणि व्हायोलिनं.
नुसती व्हायोलिनं.
चार सेकंद. मग आफ्रिका.

"सरस छे हां, शिर्केभाई,"
जोशीपुरा म्हणाले, पाव बुडवत.
शेवटी नावं सरकली, मुंग्यांएवढी.
आई चष्मा शोधेपर्यंत संपलीही.

अण्णांनी रिमोट घेतला,
भाग मागे नेला,
आवाज पार बंद केला.
मगरीण पुन्हा उकरू लागली
तसा गळा आत ओढून त्यांनी
अंड्यातल्या पिल्लाची हाक काढली:
हुंक्.
हुंक्. हुंक्.

बाळंतपणाला आलेली केतकीताई
आतल्या खोलीत झोपली होती.
उठून दारात आली,
पोटाखाली हात धरून.
"कोण रडलं?" म्हणाली.