सतरावी पायरी

तिकीट बारा डॉलर, पॉपकॉर्न आठ,
बाहेर उणे एकोणीस.
डुलुथमध्ये जानेवारीत उगाच कोणी घर सोडत नाही.
मी सोडलं,
तेवीस वर्षं वाट पाहिली त्या पुस्तकाचा
शेवटी सिनेमा आला म्हणून.

पुस्तकात एक जिना आहे.
दिवसा सोळा पायऱ्या, रात्री सतरा.
तीनशे दहा पानं, आणि गोष्ट एवढीच.
बाई मोजते, पुन्हा मोजते,
प्रत्येक पायरीवर खडूने आकडा घालते.
सकाळी आकडे सोळाच,
आणि खडू मात्र जरा जास्त झिजलेला.
त्या झिजलेल्या खडूपाशी
मी पुस्तक पालथं ठेवून दिवा लावला होता.
एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा,
धक्क्यावर लोखंडाचा दगड भरायचो बोटीत,
कोणाच्या बापाला भीत नव्हतो.

सिनेमात सतराव्या पायरीला दात आहेत.
दात!
अकराव्या मिनिटाला, दोन रांगा, लाळेसकट.
शिवाय एक मेलेलं मूल,
कारण हल्ली मेलेल्या मुलाशिवाय
भुताला कामावर घेत नाहीत.
बाईला नवरा दिलाय, पुस्तकात नव्हता,
व्यायामशाळेतून थेट आलेला,
तो कुऱ्हाडीने जिना फोडतो.
मग सकाळ होते. मग व्हायोलिनं.

खडू नाही. कुठेच नाही.

मागच्या वर्षी त्या परग्रहावरच्यांचंही हेच केलं.
पुस्तकात ते येतात आणि गव्हाच्या शेतात बसतात.
नुसते बसतात, चाळीस वर्षं.
लोक आधी पळतात, मग डोकावतात,
मग नांगर त्यांना वळसा घालून नेतात.
शेवटच्या पानावर एक म्हातारी
त्यांच्यातल्या एकाच्या सावलीत बटाटे सोलते.
सिनेमात पहिल्याच रिळात शिकागो जळतं.
(डुलुथ कधीच जाळत नाहीत.
खरं सांगू, थोडं लागतं मनाला.)
म्हातारीची वैमानिक झाली, वय सव्वीस.
बटाटे संकलनात गेले असणार.

तिकीट फाडणारा मार्व्हिन पेल्टियर म्हणतो,
पुस्तक वेगळं रे, सिनेमा वेगळा.
मान्य, मार्व्हिन.
वाटी वेगळी, ताट वेगळं.
पण सूप ताटात ओतलंस
तर मी बोलणारच.

भीतीला नाव-गाव विचारू नये, एवढंच माझं म्हणणं.
विचारलं की ती पाहुणी होते,
खुर्ची ओढून बसते,
आणि मग तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा माराव्या लागतात.

कायसा, माझ्या बहिणीची, तेरा वर्षांची,
शेजारच्या खुर्चीत होती.
दात आले तेव्हा तिने माझी बाही धरली,
मग सोडली, आणि फोनवर किती वाजले ते पाहिलं.
गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडता खरवडता
मी तिला वरचं सगळं ऐकवलं,
कदाचित दोनदा.
ती म्हणाली, मामा, मग पुस्तकात काय होतं
सतराव्या पायरीवर?
काही नाही, मी म्हटलं.
काही नाही म्हणजे?
म्हणजे पायरी. बाकीच्यांसारखीच.
फक्त तिच्यावर कोणाचं पाऊल उमटलेलं नसायचं.

पुढे ती बोलली नाही.
हीटर गार वारा फेकत राहिला,
डाव्या हाताला तळं, गोठलेलं, काळं,
तिने मागच्या सीटकडे एकदा पाहिलं
आणि छतातला दिवा लावला.
मी काही म्हणालो नाही. गाडी चालवत राहिलो.
मनात, लाज वाटते सांगायला,
मनात जरा उकळ्या फुटत होत्या.

त्यांचं घर वरच्या मजल्यावर,
बाहेरून लाकडी जिना.
दर हिवाळ्यात मीच त्यावर मीठ टाकतो,
किती पायऱ्या, कधी मोजल्या नाहीत.
उतरताना ती म्हणाली,
इथेच थांब. गाडीचे दिवे बंद करू नको.

उजेडात तिचे ओठ हलताना दिसत होते.
वर पोचल्यावर तिने वळून पाहिलं,
दोन्ही हात उंच करून बोटांनी काहीतरी आकडा केला,
मग बोटं मिटली, पुन्हा केला.
काच आतून धुरकटली होती.
मी पुसेपर्यंत ती आत गेली होती.