पूज्य

यंत्र मंगळवारी आलं रहिमतपूरला,
उसाच्या ट्रॅक्टरांमागं रखडत, टेम्पोतून.
खोकं पाइनचं. वर उभा बाण, पेला, छत्री छापलेली.
काकूनं हळदीकुंकू काढलं तसा कोल्हापूरचा इंजिनिअर ओरडला,
"मावशी, रेलवर पावडर नको. बेअरिंग जाईल."
काकू थबकली. मग खोक्याच्याच फळीला बोटं लावली.
"हेच तर आलंय त्याला पोटात घेऊन."

आधी जमीन.
कारखान्याच्या फरशीला उतार आहे
हे इतकी वर्षं कुणाला टोचलं नव्हतं.
लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मात्र
सारखा दाराकडं पळायचा,
शाळा सुटल्यासारखा.
चौथ्या पायाखाली पत्र्याचे तीन तुकडे सरकवले
तेव्हा मधोमध आला, नि थरथरत उभा राहिला.

मग अर्थिंग. परसात खड्डा, त्यात मीठ, कोळसा,
तांब्याची पट्टी, वरून दोन घागरी पाणी.
काहीतरी पुरल्यासारखं वाटलं, काय ते सांगता येणार नाही.

"आता होम करायचा," इंजिनिअर म्हणाला.
तात्या म्हणाला, "समिधा आणू? बाभळीच्या ढलप्या हायत ढीगभर."
तो हसला नाही. त्याला पाचची पॅसेंजर धरायची होती.
बटण दाबलं. यंत्र आधी वर गेलं, मग कडेला, मग मागं,
टिक् करून कोपऱ्याला टेकलं.
म्हणजे त्याला घर सापडलं.
लाकूड कुठं आहे हे अजून ठाऊक नव्हतं.
ते आपण सांगायचं.

एक्स शून्य, वाय शून्य, इथवर सोपं.
झेडसाठी कागद लागतो, पातळ.
लाइटबिल जाड निघालं.
तात्यानं खिशातून एसटीचं जुनं तिकीट काढलं.
बिट उतरवायचा, एका वेळी केसभर,
आणि कागद मागं-पुढं ओढत राहायचा.
मोकळा सरकला तर उंच, अडकला तर खोल,
घसटला की शून्य.
मी ओढला. मला कळेना.
इंजिनिअरला कळलं असतं, पण त्याचा फोन वाजत होता.

तात्याचं उजवं पहिलं बोट अर्धंच.
सत्त्याण्णव साली रंध्याच्या मशिननं नेलं,
शाळेच्या बाकांची ऑर्डर होती.
तेव्हापासून त्याच थोटकानं तो देवघरांच्या कमानी चाचपतो,
आम्हाला न दिसणारी उचल दाखवतो.
तो पुढं आला. तिकिटावर थोटूक ठेवलं.
बघत होता खिडकीबाहेर,
तिथं शेजाऱ्याची शेळी आमचा तुतीचा पाला खात होती.
"उतरव. आजून. आजून इवलंसं.
हां. आता धरतंय, पण गिळत न्हाई."

मी की दाबली.
पडद्यावर टिंबाआधी एक, टिंबानंतर तीन.
तात्याच्या गुरुजींच्या तोंडी शून्य नव्हतंच,
पूज्य होतं.

पहिल्याच घासाला सागवान द्यायचं नाही असं ठरलेलं,
म्हणून खोक्याची फळी लावली, काकूच्या बोटांसकट.
फाइल जास्वंदीच्या फुलाची.
आवाज चढत गेला, काकूनं कानावर पदर घेतला.
भुसा उडाला पांढुरका,
मग क्षणभर गुलाबी,
मग परत पांढुरका.

अकरा मिनिटांत फूल आलं. उलटं.
फाइलीत 'मिरर'वर टिक राहिली होती, माझ्याच हातनं.
देठ डावीकडचा उजवीकडं गेलेला.
फूलच ते, कुणाच्या ध्यानात आलं नाही.
तात्याच्या आलं. तो काही बोलला नाही,
फळी फिरवून भिंतीला टेकवून ठेवली.

"हे दर फळीला परत करायचं," इंजिनिअर चपला घालत म्हणाला,
"बिट बदलला तरी. कालचं शून्य आज चालत नाही."
तात्यानं तिकीट फुंकरलं,
पटाशींच्या डब्यात ठेवलं.

रात्री कुलूप लावायच्या आधी
मी लेव्हल पुन्हा ठेवून बघितली.
बुडबुडा
केसभर दाराकडं.