बोर्डावर नसलेलं चलन

मत्रा बंदर. एकतीस डिसेंबर, रात्रीचे साडेदहा.
शटर अर्धं खाली.
बोर्डावर लाल आकडे: रुपया, टका, पेसो,
सगळे महिनाअखेरचे ओळखीचे.
गल्ला दोनदा मोजला होता, पन्नास बैसा कमी,
तिसऱ्यांदा मोजायला घेतला
तेव्हा ती शटरखालून वाकून आत आली.

जहाजावरची. गळ्यात ओळखपत्र: गुनिता.
मला गुणित आठवलं,
हर्णैच्या शाळेतलं, छडीसकट.
हात ब्लीचने पांढरे पडलेले,
म्हणाली, लाँड्रीत असते, दोन हजार माणसांच्या चादरी.

काचेच्या फटीतून तिने सरकवली
एक हिरवी नोट, तिच्यावर झाड,
आणि एक नाणं, त्यावर उसळलेला मासा.
"लॅट्स."
आमच्यात लात कशाला म्हणतात ते मी सांगितलं नाही.
यादी पाहिली वरपासून खालपर्यंत.
हे आम्ही घेत नाही, मॅडम.

"विकायचे नाहीत. भाव सांग फक्त.
आमच्याकडे आत्ता साडेआठ वाजलेत.
बाराला युरो लागतो."

दर तिला उखाण्यासारखा पाठ होता:
शून्य दशांश सात शून्य दोन आठ शून्य चार.
आईच्या फ्रिजवर महिनाभर चिकटवलाय, म्हणाली.
मी भागाकार केला. पाचाचे सात, वर अकरा सेंट.
"वाढले की!"
"आकडा वाढला. पाव तेवढाच.
आई म्हणते, दुकानदार तेवढाही देणार नाही."

शेजारचे दामजीभाई कापडाचं दुकान बंद करून
चहाचा कागदी पेला घेऊन उभे होते.
त्यांनी नोट उजेडात धरली, ताका पारखावा तशी.
"इथे आपला रुपयाच चालायचा," म्हणाले,
"लाल, नंबराआधी झेड.
खजूर रुपयात, सुरमई रुपयात, मुलीचा मेहेर रुपयात.
मग तिकडे दिल्लीत कुणीतरी त्याचं मोल उतरवलं
आणि इथे पेट्या बंदच होत्या, कुलपं शाबूत,
आतला पैसा आटला.
आम्हाला विचारलं नव्हतं कुणी."

"आम्हालाही नाही," गुनिता म्हणाली.
विचारलं असतं तर?
ती बराच वेळ नाण्यावरचा मासा पुसत राहिली.
"आई नको म्हणाली असती. मी हो.
भाऊ आयर्लंडात मश्रूम तोडतो,
सात वर्षं युरोच पाठवतोय.
आमच्या स्वयंपाकघराचं छप्पर युरोचंच आहे."

मी काही बोललो नाही.
आमच्या हर्णैतही रियाल असाच आला,
ठराव नाही, दवंडी नाही,
आधी एका घराला स्लॅब पडला, मग गल्लीला,
आणि लिलावात पापलेटाची बोली लागली की
बायका मनातल्या मनात भागाकार करायला लागल्या.

मासा कुठला, मी विचारलं.
समुद्रात वाढतो, म्हणाली, मग उलटा पोहतो,
नदीतून वर, जिथे अंडं फुटलं तिथवर.
"व्हिसा लागत नाही त्याला?"
तेव्हा कुठे ती हसली. दामजीभाईही हसले, उशिरा,
त्यांना कमी ऐकू येतं.

नाणं ती मलाच देत होती, पन्नास बैशांच्या बदल्यात.
नको म्हटलं. हिशेबात लिहू कुठे?
तिने ते पुन्हा रुमालात गुंडाळलं,
नोट मात्र तशीच, दुमडून, मोज्यात.

बाराला धक्क्यावर सगळ्या जहाजांनी भोंगे दिले.
तिच्या देशात दहाच वाजले होते.
एकला तिचं जहाज सुटलं.

दोनला मला जाग आली.
खोलीत पाच जण झोपलेले, एसी गळत होता.
खाली बादली होती, ती भरत आली होती,
मी उठून मोरीत ओतली.
पन्नास बैसा मी माझ्याच खिशातून भरले होते,
तरी पाठ टेकल्यावर पुन्हा मोजत राहिलो.