पासंग

शर्यतीच्या आधी माणसं मोजायची असतात.
काटा जुन्या डेअरीतला, दुधाच्या कॅनचे गोल डाग अजून फळीवर.
उत्तर समुद्राचा वारा त्याला थरथरवतो,
म्हणून तीन बाजूंनी ताडपत्री,
आणि मी सकाळीच वीस किलोचं वजन ठेवून बघते.
वीस म्हणजे वीस.

नियम सोपा. एका कॅटामरानवर दोघं.
दोघांचं मिळून दीडशे भरलं तर जा.
कमी भरलं, तर जेवढं कमी त्याच्या निम्मं शिसं
डोलकाठीच्या बुडाशी बांधायचं.

निम्मंच का, हे दर वर्षी कुणीतरी विचारतं.
बाउके आणि रोमर, जुळी, सतरा वर्षांची,
दोघं मिळून एकशे चोवीस.
त्यांच्या आईने एकदा सभेत टेबल बडवलं होतं:
वारा पडला की ही पोरं पिसासारखी पुढे जातात म्हणता,
वारा उठला की कोण उलटतं तेही बोला की!
तेव्हा लिउवे उठला.
अठ्ठ्याण्णव किलोंचा लिउवे,
तो उठला की बाकाचं दुसरं टोक खाली जायचं.
म्हणाला, बाई खरं बोलतात.
शिसं नुसतं बसून राहतं.
तारेला लटकून, पाठ पाण्यावर झोकून
होडी सपाट धरणं त्याला येत नाही.
मेलेल्या वजनाची किंमत जिवंत वजनाच्या निम्मी धरा.
हात वर झाले. मी लिहून घेतलं.

आज सप्टेंबरमधली शेवटची शर्यत.
चीत्स्के आधी चढली. सदुसष्ट, नेहमीसारखी.
मग तो.
अकरा वर्षं या जोडीला मी न बघताच पुढे सोडलंय.
काटा त्र्याहत्तरवर थांबला.
मी वाट पाहिली. कधीकधी तो उशिरा सरकतो.
रांगेतलं बोलणं बंद झालं,
ताडपत्री तेवढी फडफडत राहिली.

खोटा आकडा लिहिणं काय अवघड होतं?
मापात पाप, पण दहाच किलोंचं,
आणि रांगेतल्या कुणी चकार शब्द काढला नसता.
त्याने माझ्या पेन्सिलीकडे पाहिलं.
"पाच," म्हणाला. "पाच किलो येतील ना मला?"

पाच ठोकळे. भोकं पाडलेले, निळा रंग उडालेला.
एकेक हातात तोलून घेतला त्याने,
बाजारात कोबी घ्यावा तसा.
चीत्स्केने गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

पहिल्या फेरीत वारा नव्हताच,
आणि ती दोघं सगळ्यांच्या पुढे.
मंद वाऱ्यात ती कधीच पुढे नसायची.
किनाऱ्यावर कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं,
मग काय ते लक्षात येऊन थांबलं.

मग नैर्ऋत्येकडून पाण्यावर काळी रेघ आली.
दोघं तारेवर गेली.
दुर्बिणीत मला होडीचं एक अंग उचललेलं दिसलं.
एवढ्यावर तो नुसता मागे रेलायचा,
आणि ते मुकाट खाली यायचं.
आज येईना.
शीड सैल सोडलं त्यांनी, वारा सांडला,
वाऱ्याबरोबर वेगही.
शिसं आपल्या जागी, डोलकाठीशी.
दुसऱ्या बोयाजवळ जुळी उलटली होती
आणि पाण्यात बसून हसत होती.

नववी आली ती दोघं.
वेळेला होडीच्या आकड्याने भागल्यावर सहावी.
मी तीनदा भागून पाहिलं.

संध्याकाळी त्याने ठोकळे परत आणले, पुसून.
मी मोजले. मोजावेच लागतात.
"काटा बरोबर आहे ना तुझा?"
मी फळीवर वीस किलोचं वजन ठेवलं.
दोघांनी वाकून पाहिलं.
वीस.
"हं," म्हणाला,
आणि बाकाकडे गेला, जिथे चीत्स्के
बटाट्याचे काप घेऊन बसली होती
आणि त्याच्याकडे न बघता
आपल्या वाटचे त्याच्या कागदावर सरकवत होती.