नावासकट

विश्रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली.
रात्रीचे साडेअकरा.
मजकूर कुलूपबंद झालाय, त्याची चिंता नाही.
प्रश्न उरलाय नावांचा.
फाइलीचं नाव, तारीख, आकार
हेही झाकायचं, की राहू द्यायचं उघडं?

तौफीक म्हणतो, राहू दे.
नावं झाकली तर माणसं शोधणार कशी?
किल्ली हरवलीच, तर निदान कळेल तरी
काय काय हरवलं ते.
त्याचं खोटं नाही.
हरिपुरात पेवांत हळद उतरवायचे,
तोंड बुजवून वर माती सारखी करायचे.
कुणाचं पेव कुठलं, ते वहीत.
वही गेली की सगळं रान एकसारखं.

पण मिरजेच्या आवटीबाईंचा लॅपटॉप मी पाहिलाय.
समुपदेशन करतात त्या, हॉस्पिटलमागच्या गल्लीत.
एकही फाइल उघडली नाही मी,
उघडताच येत नव्हती.
नुसती यादी :
शालन, दुसरी तपासणी.
शालन, नवऱ्याला न सांगता.
शालन, तिसरी तपासणी.
मार्चनंतर शालन नाही.
आत वाचण्यासारखं अजून काय राहिलं होतं?

अण्णांना फोन केला.
एकतीस वर्षं मार्केट यार्डात तोलाईदार होते.
म्हटलं, रुमालाखाली बोटं धरून सौदे व्हायचे,
तेव्हा भाव खरंच कळायचा नाही कुणाला?
"भाव न्हाई कळायचा.
पण हात कितीदा आत गेला, किती येळ राहिला,
भाईर आल्यावर घाम कुणी पुसला,
त्यावरनं कुणाच्या पोरीचं लगीन अडलंय
ते अख्ख्या यार्डाला कळायचं."
मग म्हणाले, जेवलीस का?

नावं झाकली.
तारखा झाकल्या.
आकार उरतोच. पोतं कितीही शिवा,
वजन हमालाच्या पाठीला कळतं.
म्हणून प्रत्येक फाइलीत भुसा भरतेय,
सगळी पोती एका मापाची दिसतील इतका.
डिस्क जास्त खाईल. तौफीक उद्या भांडेल,
आणि किल्ली हरवलेल्या माणसाला काय सांगायचं
याचं उत्तर माझ्याकडे नसेल.

किती पोती, ते तर अजून दिसतंच आहे.
त्याचं काय करावं, सुचेना.
दिवा मालवून खाली उतरले.
एटीएमचा वॉचमन स्टुलावरून उठला,
"मॅडम, आज चौथी रात्र.
काय अडलंय का?"